प्रथिनांचा हिशेब : आहार, रोगप्रतिकारशक्ती आणि आपले स्वयंपाकघर

(संस्थेच्या वार्षिक सभेत विवळवेढे येथे रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





महालक्ष्मीच्या गडाच्या पायथ्याशी आपण दरवर्षी जमतो, तेव्हा चैत्री पौर्णिमेच्या यात्रेची तयारी सुरू झालेली असते. महामार्गाच्या कडेने दुकानांचे मांडव उभे राहत असतात आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांतून माणसे देवीच्या दर्शनाचे बेत करीत असतात. अशा प्रसन्न दिवसांत जमाखर्चाची रूक्ष पाने आपल्यापुढे वाचणे हे आमचे नेहमीचे काम. ते अहवालाच्या दुसऱ्या भागात छापले आहे. आज त्या पानांतील एकाच ओळीविषयी बोलण्याची अनुमती घेतो. ती ओळ म्हणजे ‘स्वयंपाकघर व रुग्णआहार’.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. जे सांगणार आहोत ते आमच्या डॉक्टर सहकाऱ्यांनी वेळोवेळी समजावून सांगितलेले आणि वाचून पडताळलेले आहे. ते सांगण्याचे धाडस करण्यामागे एक कारण आहे, आणि ते प्रथम प्रांजळपणे सांगणे उचित ठरेल.

काही वर्षांपूर्वी अंदाजपत्रकात तूट दिसू लागली, तेव्हा ती भरून काढण्याची जबाबदारी आमच्याकडे आली. औषधांच्या रकान्याला हात लावणे शक्य नव्हते. शस्त्रक्रियागृहाच्या खर्चाला लावणे तर त्याहून अशक्य. मग आमची लेखणी स्वयंपाकघराकडे वळली. क्षयरुग्णांना रोज मिळणारे अंडे, शेंगदाण्याचा लाडू आणि संध्याकाळची उसळ या तीन बाबींवर आम्ही काट मारली. ‘जेवण मिळतेच आहे, मग हे वरचे कशाला?’ असा आमचा सरळ हिशेब होता. कागदावर बचत झाली आणि सभेत तिचे कौतुकही झाले. पुढे दोन महिन्यांनी आमच्या ज्येष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यांनी रुग्णांच्या वजनाची वही आणून टेबलावर ठेवली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, आपण जे कापले ते जेवण नव्हते, तो उपचार होता.” त्या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यात आमचे पुढचे बरेच दिवस गेले. आज तोच अर्थ आपल्यापुढे मांडीत आहोत.

आपण डाळ, अंडे, दूध, मासे वा कडधान्ये खातो, तेव्हा त्यांतील प्रथिने पोटात जशीच्या तशी राहत नाहीत. पचनात त्यांचे लहान लहान घटक सुटे होतात. त्या घटकांना अमिनो आम्ले म्हणतात. मानवी शरीराची प्रथिने अशा वीस अमिनो आम्लांपासून बनतात. त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. धान्य कणगीत साठवावे किंवा चरबी अंगावर साठावी, तशी अमिनो आम्लांची स्वतंत्र साठवण शरीरात नसते. जी काही शिल्लक असते ती स्नायूंच्या रूपाने. म्हणून अन्नातून येणारा पुरवठा तुटला की शरीर स्नायू मोडू लागते. आम्हा हिशेबनिसांच्या भाषेत सांगायचे तर मुद्दल मोडून रोजचा खर्च भागविला जातो.

आजारपणात हा खर्च बराच वाढतो. शरीरात जंतू शिरले की पांढऱ्या पेशींची संख्या झपाट्याने वाढवावी लागते. जंतूंना ओळखून बांधून ठेवणारी प्रतिपिंडे तयार करावी लागतात, आणि ही प्रतिपिंडे म्हणजे प्रथिनेच होत. यकृताला संकटकाळची वेगळी प्रथिने बनवावी लागतात. या सर्व बांधकामासाठी लागणारा माल म्हणजे अमिनो आम्ले. तापाने फणफणलेल्या माणसाचे दंड आणि मांड्या आठ-पंधरा दिवसांत कशा ओसरतात, हे आपण घरोघरी पाहिले आहे. तो नुसता अशक्तपणा नसतो. लढाईसाठी लागणारा माल शरीर स्वतःच्याच भिंती उतरवून पुरवीत असते.

अमिनो आम्ले केवळ विटा म्हणून वापरली जातात असेही नाही. त्यांपैकी काही प्रत्यक्ष हत्यार, काही इंधन, तर काही हुकूम म्हणून काम करतात. ग्लुटामिन हे वेगाने वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे आणि आतड्याच्या अस्तराचे महत्त्वाचे इंधन आहे, आणि त्याचा मोठा पुरवठा स्नायूंतून होतो. आर्जिनिन या अमिनो आम्लापासून भक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवितात व त्याच्या मदतीने जंतूंवर मारा करतात. सिस्टीनपासून ग्लुटाथायोन तयार होते. लढाईत उडणाऱ्या ठिणग्यांपासून आपल्याच पेशींचे रक्षण करणे हे त्याचे काम. अन्नावाचून सुजलेल्या कुपोषित बालकांच्या शरीरात हे ग्लुटाथायोन फार घटलेले आढळते.

या सर्वांत ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची कथा आम्हाला विशेष उद्बोधक वाटली, कारण तिचा संबंध आपल्या वॉर्डांत सर्वाधिक दिसणाऱ्या क्षयरोगाशी येतो. जंतूची चाहूल लागताच शरीर आपल्या पेशींना ट्रिप्टोफॅन मोडून टाकण्याचा आदेश देते. हेतू असा की आत शिरलेल्या जंतूची उपासमार व्हावी. शत्रू गडाखाली आला की भोवतालचे धान्य जाळून टाकावे, तसाच हा डाव. काही जंतूंच्या बाबतीत तो यशस्वी होतो. क्षयाचा जंतू मात्र चतुर आहे. तो आपल्याला लागणारे ट्रिप्टोफॅन स्वतःच बनवितो, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले गेले. म्हणजे धान्य आपले जळाले आणि शत्रूची शिदोरी त्याच्याजवळ शाबूत राहिली. शिवाय ट्रिप्टोफॅन मोडल्यावर जे पदार्थ निर्माण होतात, ते आपल्याच पांढऱ्या पेशींचा जोर कमी करतात. क्षयरुग्णांच्या रक्तात ट्रिप्टोफॅन कमी आणि हे पदार्थ जास्त आढळतात, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. मुळातच ज्याच्या ताटात प्रथिने थोडी, त्याच्यावर या नुकसानीचा बोजा किती पडत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

शत्रूची उपासमार करण्याचा हाच डाव वैद्यकाने मात्र एका ठिकाणी यशस्वी करून दाखविला आहे. १९५३ साली किड या अमेरिकन शास्त्रज्ञांना असे दिसले की गिनीपिगच्या रक्तातील द्रवाने उंदरांमधील एका प्रकारचा कर्करोग मागे हटतो. तो परिणाम ॲस्परॅजिनेज या विकरामुळे होतो, हे पुढे १९६१ साली ध्यानात आले. हे विकर रक्तातील ॲस्परॅजिन नावाचे अमिनो आम्ल नष्ट करते. आपल्या निरोगी पेशी ते स्वतः बनवू शकतात. बालकांमध्ये आढळणाऱ्या एका रक्तकर्करोगातील पेशींना ते पुरेसे बनविता येत नाही, आणि त्या मरतात. आज या रोगाच्या उपचारात हे औषध जगभर वापरले जाते. एका अमिनो आम्लाच्या असण्या-नसण्यावर लहान मुलाचे प्राण अवलंबून असू शकतात, हे यावरून कळावे.

आपल्या देशातील एक उदाहरण तर अधिकच जवळचे आहे. दख्खनच्या पठारावर प्रामुख्याने ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांमध्ये पेलाग्रा हा रोग आढळत असे. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडणे, जुलाब आणि मनाचा गोंधळ ही त्याची लक्षणे. हा रोग नायासिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, आणि शरीर नायासिनचा काही भाग ट्रिप्टोफॅनपासून तयार करीत असते. हैदराबाद येथील पोषण संशोधन संस्थेतील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली असे मत मांडले की ज्वारीतील ल्युसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचे आधिक्य या कामात अडथळा आणीत असावे. त्या मतावर पुढे बराच वाद झाला. परंतु अमिनो आम्लांचा एकमेकांशी तोल असावा लागतो, हा विचार त्यामुळे सर्वांपुढे आला. ट्रिप्टोफॅनपासून नायासिन बनण्यासाठी बी-६ हे जीवनसत्त्व लागते. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे उत्तम औषध याच बी-६ च्या कामात आडवे येते. म्हणून रुग्णाला त्यासोबत पायरिडॉक्सिनची, म्हणजे बी-६ ची, लहानशी गोळी देतात. “ही ताकदीची गोळी कशाला? मुख्य औषध तर चालू आहे,” असे रुग्णांचे नातेवाईक अनेकदा विचारतात. ती गोळी हातापायांच्या नसांचे रक्षण करते आणि शरीरातील हा सूक्ष्म कारभार चालू ठेवते. ती चुकवू नये, अशी विनंती या निमित्ताने करतो.

एवढे ऐकल्यावर कोणासही वाटेल की मग प्रथिनांचे डबे आणावेत आणि रुग्णास भरपूर द्यावेत. आम्हालाही तसेच वाटले होते. एका उदार देणगीदारांनी महागड्या प्रथिन-भुकटीचे खोके पाठविले, तेव्हा आम्ही ते मोठ्या उत्साहाने बालरुग्ण विभागात नेऊन ठेवले. तेथील डॉक्टरीणबाईंनी ते नम्रपणे परत पाठविले. अतितीव्र कुपोषित बालकाला सुरुवातीला जो आहार देतात, त्यात प्रथिने मुद्दाम कमी ठेवलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार प्रथम जे ‘एफ-७५’ नावाचे दूध देतात, त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असतात, आणि प्रथिने एक ग्रॅमहूनही कमी. मूल स्थिरावले, सूज उतरू लागली आणि भूक परतली की मगच ‘एफ-१००’ सुरू करतात, ज्यात तीन ग्रॅमच्या जवळपास प्रथिने असतात. कारण उपासमारीने थकलेले यकृत आणि मूत्रपिंड एकदम आलेल्या अमिनो आम्लांचा निचरा करू शकत नाहीत. त्या अवस्थेत मायेने भरविलेला जादा घासही मुलाच्या जिवावर बेतू शकतो. विभागातील आईला ते पातळ दूध पाहून वाटते की रुग्णालय काटकसर करीत आहे. मातांनो, ती काटकसर नाही. आम्ही काटकसर कोठे केली होती, ते आरंभीच सांगितले आहे.

याच संदर्भात एका थोर महाराष्ट्रीय शास्त्रज्ञाचे स्मरण करणे आम्हाला कर्तव्य वाटते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. जगभर प्रथिनांच्या तुटवड्याची हाकाटी चालू असताना १९७० च्या सुमारास त्यांनी आकडेवारीच्या आधारे दाखवून दिले की भारतात ज्यांना प्रथिने कमी पडतात, त्यांपैकी बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. पोट अर्धे असेल तर खाल्लेली डाळसुद्धा शरीर चुलीत घालते. ऊर्जेच्या गरजेपोटी अमिनो आम्ले जळून जातात आणि त्यांचे खरे काम मागे पडते. म्हणून आधी पोटभर भाकर-भात, आणि त्याच्या जोडीला डाळ. सुखात्म्यांच्या काही मतांवर पुढे मोठा वाद झाला, हे खरे. परंतु हा मूळ धडा आमच्या स्वयंपाकघराने मनापासून स्वीकारला आहे.

हा धडा आपल्या परिसराला नवा नाही. शेजारच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये सारा महाराष्ट्र हळहळला होता. तत्पूर्वीच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाड्यावरच्या मुलाला शिकवायचे तर त्याच्या अंगणात गेले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या ध्यानात हीच गोष्ट फार उशिरा आली. ती कशी आली, ते आता सांगतो.

स्वयंपाकघराची काट मागे घेतल्यानंतर आम्ही क्षयरुग्णांना घरी जाताना कोरडा शिधाही देऊ लागलो. तलासरी तालुक्यातील एका पाड्यावरचे गृहस्थ औषध नियमित घेत होते. शिधाही दरमहा नेत होते, तरी वजन काही हलेना. आम्हाला शंका आली की शिधा विकला जात असावा. आमच्या परिचारिकाताई चौकशीसाठी घरी गेल्या. पावसाळ्याचे दिवस होते. घरातले भात-नागली संपत आले होते आणि मजुरीही बंद होती. घरात सात माणसे. आम्ही दिलेले चणे, शेंगदाणे आणि डाळ सातही जणांत वाटली जात होती, आणि त्यांत मुलांचा वाटा पहिला होता. ताईंनी विचारले, तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, “पोरं समोर बसलेली असताना मी एकट्याने कसं खायचं, बाई?” या प्रश्नाला ताईंकडे उत्तर नव्हते, आमच्याकडेही नव्हते. आम्ही हिशेब एका माणसाचा धरला होता. त्या घरात ताटे सात होती. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या धाकट्या मुलीलाही क्षयाचे निदान झाले. बापलेक दोघेही आज बरे आहेत, हे सांगताना समाधान वाटते. परंतु ती मुलगी आजारी पडण्यात आमच्या त्या चुकलेल्या हिशेबाचा वाटा किती, हा विचार अजून मनातून जात नाही.

या प्रश्नाचे उत्तर पुढे झारखंडमधून आले. तेथील चार जिल्ह्यांत २०१९ पासून डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा अभ्यास केला. ‘रेशन्स’ या नावाने तो ओळखला जातो. २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसे त्यात सहभागी होती, आणि त्यांत आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने होती. सर्व रुग्णांना औषधांसोबत शिधा मिळाला. निम्म्या गटांतील घरांत मात्र रुग्णाबरोबर इतर माणसांनाही शिधा दिला गेला. मोठ्या माणसामागे महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या, एवढाच तो शिधा. दिवसाला सुमारे ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने. ऑगस्ट २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. संसर्ग पसरविणाऱ्या फुप्फुसांच्या क्षयाचे प्रमाण तर जवळजवळ निम्म्यावर आले. रुग्णांच्या बाबतीतही असे दिसले की उपचाराच्या काळात वजन ५ टक्क्यांनी वाढले, तर मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होतो. डाळ-तांदळाने असा परिणाम साधावा, हे वाचून आमचे हिशेबी मन थक्क झाले.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक आहे. अन्न हे औषधाला पर्याय नाही. मद्रास येथे १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग केंद्रातील प्रसिद्ध अभ्यासाने असे सिद्ध केले होते की योग्य औषधे नियमित मिळाली तर झोपडीत राहणारा, निकृष्ट आहार घेणारा रुग्णही रुग्णालयातील रुग्णाइतकाच बरा होतो. त्या निष्कर्षामुळे लक्षावधी गरिबांना घरच्या घरी उपचार मिळू शकले. मात्र त्याचबरोबर आहाराकडे पाहण्याची आवश्यकता नाही, असाही एक समज नकळत रूढ झाला. आज आपल्याला दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत. औषध जंतूला मारते. अन्न रुग्णाला तगविते, आणि त्याच्या शेजारी झोपणाऱ्या लेकराचे रक्षण करते.

शासनानेही याची दखल घेतली आहे. निक्षय पोषण योजनेखाली एप्रिल २०१८ पासून क्षयरुग्णाला उपचारकाळात दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली आहे. ज्या नातेवाइकांचे बँक खात्याचे काम अपुरे राहिले असेल, त्यांनी आमच्या समाजसेवा विभागात अवश्य यावे. कागदपत्रांचे काम आम्ही करून देऊ.

आपल्या संस्थेपुरते आम्ही तीन निर्णय विश्वस्त मंडळापुढे ठेवले असून त्यांना मान्यता मिळाली आहे. पहिला असा की रुग्णआहाराचा खर्च यापुढे ‘किरकोळ’मध्ये न दाखविता उपचारखर्चात दाखविला जाईल, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीशिवाय त्यात कपात करता येणार नाही. दुसरा असा की क्षयरुग्णाचा शिधा त्याच्या घरातील ताटे मोजून दिला जाईल. तिसरा असा की शिध्यात येथे पिकणाऱ्या आणि येथे खाल्ल्या जाणाऱ्या वस्तूंनाच प्राधान्य राहील.

या तिसऱ्या निर्णयामागेही शास्त्र आहे. तांदूळ आणि नागलीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळी-कडधान्यांत भरपूर असते. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यांतून मिळते. म्हणजे एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपल्या आजीबाईंनी भात आणि उडीद-तुरीचे वरण एका ताटात वाढले, तेव्हा त्यांना ही नावे ठाऊक नव्हती, पण जोड मात्र अचूक होती. डहाणू-चिंचणीच्या किनाऱ्यावरून येणारी सुकट आणि सुके बोंबील आपल्या आठवडे बाजारात मिळतात. त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात. दूरचित्रवाणीवर जाहिरात होणाऱ्या डब्याची किंमत आणि मूठभर चणे-शेंगदाण्यांची किंमत एकदा शेजारी शेजारी मांडून पाहा, म्हणजे आमच्यासारख्या हिशेबनिसाच्या मदतीची आपल्याला गरज राहणार नाही.

रुग्णांच्या आप्तांना दोन शब्द. ताप आहे म्हणून रुग्णाला दिवसेंदिवस नुसत्या पेजेवर ठेवू नका. तोंडाला चव नसली तर थोडे थोडे, पण वारंवार द्या. पेजेत डाळ घोटून घाला. बाजारातली ताकदीची पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मूत्रपिंडाचा वा यकृताचा विकार असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते. आणि घरात क्षयरुग्ण असेल तर सर्वांची तपासणी करून घ्या. विशेषतः मुलांची.

देणगीदार बंधुभगिनींना एक नम्र निवेदन. आपल्या दानातून उभी राहिलेली यंत्रे आणि खोल्या आपल्या नावाच्या पाट्यांसह समोर दिसतात, आणि त्यांबद्दल संस्था आपली ऋणी आहे. शिध्याच्या पिशवीवर पाटी लावता येत नाही. ती एका महिन्यात रिकामी होते. परंतु एका कुटुंबाचा सहा महिन्यांचा शिधा पत्करणे म्हणजे एक रुग्ण बरा होण्यास आणि त्याच्या घरातील मुले आजारी न पडण्यास हातभार लावणे होय. जी मुले आजारी पडलीच नाहीत, त्यांची नावे आमच्या कोणत्याही नोंदवहीत येणार नाहीत. तरीही या दानाचा खरा लाभ तोच आहे, एवढे आम्ही अनुभवावरून सांगू शकतो.

आजपासून आमच्या कार्यालयात ‘घरशिधा निधी’ या नावाने स्वतंत्र पावतीपुस्तक ठेवले आहे. जमा झालेली प्रत्येक रक्कम आणि तिच्यातून गेलेला प्रत्येक किलो पुढील वर्षीच्या अहवालात आपल्यापुढे येईल. त्यात चूक आढळली तर ती दाखवून देण्याचा आपला अधिकार आहे. आमची मागील चूक एका डॉक्टरांनी वजनाची वही दाखवून आणि एका बापाने साधा प्रश्न विचारून दाखवून दिली. त्या दोघांचे ऋण या सभेत व्यक्त करतो.

आमच्या स्वयंपाकघरातील भगिनी आज आपल्यासाठी भोजन तयार करीत आहेत. भात, तुरीचे वरण, वालाची उसळ आणि नागलीची भाकर असा साधा बेत आहे. वॉर्डात आज जे वाढले जाईल तेच आपल्या पानात असेल. आपण सर्वांनी भोजन करूनच जावे, अशी आग्रहाची विनंती करतो.